पर्सनल ट्रेनर व्हायचंय? आधी बिजागरी आणि पहार समजून घ्या



"दादा, पर्सनल ट्रेनिंगचा व्यवसाय सुरू करायचाय. फी किती ठेवू?" हा प्रश्न मला आता जवळपास दर आठवड्याला येतो. जिममध्ये तीन-चार वर्षं घाम गाळलेली मुलं विचारतात, झुंबा-योगा शिकवणाऱ्या ताई विचारतात, भरतीची तयारी करून घेणारे विचारतात. आणि धंदा म्हणून बघितलं तर विचार चांगला आहे. गाळा लागत नाही, माल भरावा लागत नाही, उधारी फारशी नाही. भांडवल म्हणजे तुमचं ज्ञान आणि तुमचा वेळ.

पण मग ते ज्ञान आपल्याकडे आहे का, हे आधी तपासायला नको का? फीचा विषय शेवटी घेऊ. आज शिकायचंय ते एवढंच की माणसाचं शरीर हलतं कसं आणि वजन उचललं की भार नेमका कुठे पडतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्टही नाही. माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि बीबीए केलंय. हा विषय मी शिकलो तो स्वतःची कंबर धरून.

माझी कंबर आणि त्या मुलाचा धंदा

दिवाळीआधीचा सीझन होता. रंगकामाचा माल सुटायला लागला की पुट्टीच्या गोण्या रोज येतात. एक गोणी ४० किलोची. त्या दिवशी दुकानातला पोरगा जेवायला गेला होता, टेम्पोवाल्याला घाई होती. मी टेम्पोच्या फाळक्याशी उभं राहून, हात लांब करून, आतली गोणी ओढली आणि तसाच अंग वळवून खाली ठेवायला गेलो. कमरेत उसण भरली. जागेवरून हलता येईना. दहा दिवस दुकान बायकोने बघितलं.

बरं वाटल्यावर सगळे सांगतात तसं मीही ठरवलं की आता शरीर कमवायचं. जिम लावली, तीन महिन्यांचे पैसे एकदम भरले, वर पर्सनल ट्रेनरही घेतला. मुलगा चांगला होता. वेळेवर यायचा, नम्र होता, मोजणी अचूक करायचा. दुसऱ्याच दिवशी त्याने मला जमिनीवरचा बार उचलायला लावला. "दादा, पाठ सरळ ठेवा," म्हणाला. मला वाटत होतं सरळच आहे. बार माझ्या पायांपासून चांगला वीतभर पुढे होता. आठव्या वेळेला पुन्हा उसण भरली. "नवीन आहात दादा, थोडं दुखणारच," असं तो म्हणाला. मी परत गेलो नाही.

आता धंद्याच्या नजरेने बघा. त्या मुलाचं एक गिऱ्हाईक गेलं. माझी बायको लावणार होती, तिने लावलं नाही. आमच्या लाइनीतले दोन दुकानदार विचारत होते, त्यांना मी नको सांगितलं. म्हणजे एका चुकीत चार जण गेले. त्याला ते आजवर कळलं नसेल, कारण नाराज गिऱ्हाईक भांडत नाही, ते फक्त यायचं थांबतं.

नंतर ज्या फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेलो त्यांनी विचारलं, "दुकान कशाचं तुमचं?" म्हटलं, हार्डवेअरचं. त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला समजवायला सोपं आहे. पहार आणि बिजागरी तुम्ही रोज विकता." पुढचं सगळं मी तिथून शिकत गेलो.

शरीराचा सामान: पाच गोष्टी

मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात आणि ६०० हून जास्त स्नायू. ट्रेनरला पहिल्या दिवशी ती सगळी नावं पाठ नकोत. पाच गोष्टींची कामं मात्र नीट कळली पाहिजेत.

१) हाड. हा दांडा. मांडीचं हाड शरीरातलं सगळ्यात लांब.

२) सांधा. दोन हाडं जिथे एकत्र येतात ती जागा. कोपर आणि गुडघा हे बिजागरीचे सांधे. दरवाजासारखे मुख्यतः एकाच दिशेने उघडतात आणि मिटतात. खांदा आणि खुबा हे उखळीचे सांधे. गोल डोकं खोबणीत फिरतं, म्हणून सगळीकडे हलतं. पण दोघांत फरक आहे. खुब्याची खोबणी खोल आहे, तो पक्का बसलेला सांधा. खांद्याची खोबणी उथळ आहे, म्हणून हात एवढा फिरतो आणि म्हणूनच खांदा निसटायची, दुखावायची भीती जास्त.

३) स्नायू. ही ओढणारी दोरी. दोरीने वस्तू ढकलता येते का? नाही. तसंच स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही. म्हणून स्नायू जोडीने असतात. दंडाच्या पुढचा बायसेप्स कोपर वाकवतो, मागचा ट्रायसेप्स सरळ करतो. तुम्ही भिंतीला ढकलता तेव्हासुद्धा आतमध्ये कुठला तरी स्नायू हाडाला ओढतच असतो.

४) टेंडन. स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा. टाचेच्या वर जो हाताला लागतो तो.

५) लिगामेंट. हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा. सांधा जागेवर ठेवायचं काम त्याचं. घोटा मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा यालाच ताण बसलेला असतो.

स्नायू लवकर जोर धरतो. टेंडन आणि लिगामेंटला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्यांना मजबूत व्हायला जास्त वेळ लागतो. म्हणून गिऱ्हाईक "आता जमतंय, वाढवा वजन" म्हणालं की लगेच वाढवायचं नसतं. मसल तयार झाला तरी पट्टे अजून तयार व्हायचे असतात.

तरफ: शाळेतला धडा, जिममधलं काम

शाळेत तरफ शिकलो होतो आपण. टेकू, भार आणि बल. मधे टेकू असला की पहिला प्रकार, कात्री. मधे भार असला की दुसरा प्रकार, अडकित्ता. मधे बल असलं की तिसरा प्रकार, चिमटा. तिन्ही प्रकार आपल्या अंगात आहेत.

मान वर-खाली करतो तेव्हा डोकं कात्रीच्या प्रकारात काम करतं. टेकू मधे, तोंडाचा भार पुढे, मानेचे स्नायू मागून ओढतात. चवड्यांवर उभे राहतो तेव्हा अडकित्ता. चवडा टेकू, मधे शरीराचा भार, मागे पोटरी ओढते. आणि हाताने डंबेल उचलतो तेव्हा चिमटा. कोपर टेकू, त्याच्या अगदी जवळ बायसेप्स बांधलेला आणि भार लांब तळहातावर.

शरीरात सगळ्यात जास्त चिमटेच आहेत. आता त्याचा हिशोब बघा.

कोपर काटकोनात वाकवून हातात १० किलोचं डंबेल धरलंय. कोपरापासून तळहात साधारण ३५ सेंमी. बायसेप्स हाडाला बांधलेला असतो कोपरापासून साधारण ५ सेंमीवर. भार गुणिले अंतर म्हणजे १० × ३५ = ३५०. ते तोलायला ५ सेंमीवरून किती ओढावं लागेल? ३५० ÷ ५ = ७०. म्हणजे हातात १० किलो आहे, पण कोपर वाकवणाऱ्या स्नायूंना ७० किलोइतका जोर लावावा लागतोय. हाताचं स्वतःचं वजन तर धरलंच नाही.

पहार लावून दगड उलथवताना आपण काय करतो? टेकू दगडाजवळ घेतो आणि आपला हात लांब. जाम नट सुटत नसेल तर पान्याच्या दांड्यात पाइप घालतो. तिथे अंतर आपल्या बाजूने असतं. शरीरात उलटं आहे. स्नायू टेकूजवळ आणि भार लांब. निसर्गाने असं का केलं? वेगासाठी. वरच्या उदाहरणात स्नायूचं टोक १ सेंमी सरकलं तर तळहात ७ सेंमी सरकतो. जोर जास्त द्यायचा आणि त्या बदल्यात चपळाई घ्यायची, असा सौदा आहे हा. भालाफेक, बॉलिंग, दगड भिरकावणं, सगळं त्यावर चालतं.

हे पहिल्यांदा पद्धतशीर मांडलं इटलीच्या जोव्हान्नी बोरेल्ली नावाच्या गणितज्ञाने. त्याचा प्राण्यांच्या हालचालींवरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६८० आणि १६८१ मध्ये छापला गेला. स्नायूंना उचललेल्या वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो, हे त्याने तरफेच्या हिशोबाने दाखवलं. या विषयाला आता बायोमेकॅनिक्स म्हणतात. नाव जड आहे, पण आत टेकू, भार आणि अंतर एवढंच आहे.

यातून आजचा मुख्य धडा लिहून ठेवा: डंबेलवर छापलेलं वजन अर्धीच माहिती देतं. उरलेली अर्धी अंतरात आहे. ५ किलोचं डंबेल हात सरळ ठेवून बाजूला उचललं तर ते खांद्यापासून साधारण ६० सेंमी लांब असतं. कोपर वाकवून जवळ घेतलं, ३० सेंमी केलं, तर खांद्यावरचा तेवढाच भार निम्मा होतो. डंबेल तेच आहे.

कमरेचा हिशोब

आता माझ्या गोणीकडे या.

कण्यातले हलणारे मणके २४ असतात. मानेत ७, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५. वाकून वजन उचलताना टेकू कमरेच्या मणक्यांत असतो. मागून ओढून धरणारे पाठीचे स्नायू त्या टेकूपासून साधारण ५ सेंमीवर असतात. पुढे गोणी.

गोणी अंगाला चिकटवून धरली आणि तिचा मध्य कण्यापासून २५ सेंमीवर आला: ४० × २५ ÷ ५ = २०० किलो.

मी केलं तसं हात लांब करून, ५० सेंमीवर धरली: ४० × ५० ÷ ५ = ४०० किलो.

गोणी एकच. २५ सेंमीच्या फरकाने पाठीच्या स्नायूंवर २०० किलो वाढले. हा हिशोब ढोबळ आहे, प्रत्येकाच्या अंगाचं माप वेगळं असतं, पण दिशा कळायला पुरेसा आहे. शिवाय आपल्या शरीराच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग कमरेच्या वर आहे. वाकलं की तो सगळा पुढे लोंबतो आणि त्याचाही भार पाठीलाच तोलायचा असतो. जमिनीवरचं पेन उचलताना एखाद्याची कंबर धरते ती अशी.

अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेवर काम करणारी नायॉश ही सरकारी संस्था आहे. तिने १९९१ मध्ये सुधारलेलं वजन उचलण्याचं सूत्र जगभर वापरतात. त्यात सगळ्या गोष्टी अनुकूल असतील तर मर्यादा धरलीय २३ किलो. तीही वस्तू शरीरापासून २५ सेंमीवर आणि जमिनीपासून ७५ सेंमी उंचीवर असेल तर. अंतर ५० सेंमी झालं की मर्यादा निम्मी, म्हणजे साडेअकरा किलो. जमिनीवरून उचललं की आणखी कमी, अंग वळवलं की आणखी कमी. हे सूत्र रोजच्या कामातल्या उचलण्यासाठी आहे, जिमच्या बारसाठी नाही. पण मी टेम्पोपाशी काय काय चुकलो ते त्यात एकेक करून दिसतं.

आणि जिममध्ये काय चुकलं? बार वीतभर पुढे होता. त्या मुलाने प्लेटा मोजल्या, वीत मोजली नाही.

कमरेतून वाकणं आणि खुब्यातून वाकणं

"पाठ सरळ ठेवा" ही सूचना का चालत नाही माहितीये? कारण माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही. त्याला वाकायचं कुठून, तेच सांगितलेलं नसतं.

दरवाजा बिजागरीत वळतो, फळी वाकत नाही. तसं वजन उचलताना वाक खुब्यात यायला हवा. खुबा मोठा सांधा आहे, खोल खोबणीचा आहे आणि त्याच्यामागे कुल्ल्याचा स्नायू आहे, शरीरातला सगळ्यात मोठा. एवढं मोठं मशीन असताना आपण काम कमरेच्या पाच मणक्यांना देतो.

शिकवायची पद्धत सोपी आहे. झाडूचा दांडा किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या. गिऱ्हाइकाच्या पाठीवर उभा धरायला सांगा. तो तीन ठिकाणी टेकला पाहिजे: डोक्याच्या मागे, खांद्यांच्या मधे आणि माकडहाडाच्या जरा वर. आता गुडघे थोडे सैल सोडून, मागे असलेलं ड्रॉवर पार्श्वभागाने बंद करायचंय असं समजून मागे सरकायला सांगा. तिन्ही ठिकाणी दांडा टेकलेला राहिला तर वाक खुब्यात आहे. एखादं ठिकाण सुटलं की कणा वाकला. त्या दिवशी वजन नाही, फक्त दांडा. मला हे नीट जमायला दोन आठवडे लागले.

बैठक: गुडघा पुढे गेला तर?

"गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नका." हे वाक्य प्रत्येक जिममध्ये ऐकू येतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजनाचा सराव असलेल्या पुरुषांना खांद्यावर बार घेऊन दोन प्रकारे बैठका मारायला लावल्या. एकदा मोकळेपणी आणि एकदा नडग्यांपुढे फळी लावून, म्हणजे गुडघा पुढे जाऊच नये. फळी लावल्यावर गुडघ्यावरचा मोमेंट, म्हणजे भार गुणिले अंतर, सुमारे २२ टक्क्यांनी कमी झाला. पण खुब्यावरचा दहापटीहून जास्त वाढला, कारण अंग पुढे झुकवावं लागलं.

यातून शिकायचं काय? भार नाहीसा होत नाही, तो एका सांध्यावरून दुसऱ्यावर जातो. उधारी जशी एका वहीतून दुसऱ्या वहीत जाते तसा. म्हणून नियम पाठ करून सगळ्यांना एकच लावू नका. समोरच्याचा गुडघा दुखरा असेल तर भार थोडा खुब्याकडे न्या. कंबर दुखरी असेल तर अंग जास्त झुकू देऊ नका, मग गुडघा थोडा पुढे गेला तरी चालेल. मांडीचं हाड लांब असलेला माणूस बैठक मारताना जास्त झुकणारच, तो आळशी नाही. घोटा आखडलेला असेल तर टाच उचलली जाते. टाचेखाली पातळ फळी देऊन बघा, बैठक सुधारली तर अडचण घोट्यात आहे.

गुडघ्याच्या वाटीचंही एक काम सांगतो. आपण विहिरीवर कप्पी लावतो ना, दोरी योग्य दिशेने यावी म्हणून? वाटी साधारण तेच करते. मांडीच्या स्नायूची ओढ ती सांध्यापासून जरा लांब धरते, म्हणजे कमी जोरात पाय सरळ होतो.

खाली ठेवणं हाही व्यायाम आहे

स्नायू तीन प्रकारे काम करतो. आखडत वजन उचलतो, तेवढ्याच लांबीत धरून ठेवतो आणि लांब होत होत वजन हळू खाली सोडतो. नवीन ट्रेनर फक्त पहिला प्रकार मोजतात. डंबेल वर गेलं, एक. खाली धपकन पडलं तरी चालतं.

खरं तर हळू सोडण्यात स्नायू भरपूर काम करतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं ते जास्त करून त्यामुळे. गड चढताना दम लागतो, पण मांड्या भरून येतात त्या उतरल्यानंतर, हे तुम्ही अनुभवलं असेल. म्हणून नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हे सगळं कमी प्रमाणात द्या आणि आधीच सांगून ठेवा, "परवा अंग आंबेल, दोन-तीन दिवसांत जाईल." सांगितलं तर तुमच्यावर विश्वास बसतो. नाही सांगितलं तर तो घाबरून घरी बसतो.

दिशाही तीन आहेत: पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वळण. जिममधले बहुतेक व्यायाम पुढे-मागे होतात. पण माणूस दिवसभर वळून सामान घेतो, बाजूला सरकतो, लहान मूल कडेवर घेतो. आठवड्याच्या आखणीत तिन्ही दिशा आहेत का, एवढं तपासा.

आधी अंतर बदला, मग वजन

जोर काढता येत नाहीत अशी ताई समोर आहे. काय कराल? भिंतीला हात टेकून सुरू करा. मग स्वयंपाकाच्या ओट्याला, मग पलंगाच्या काठाला, मग जमिनीवर गुडघे टेकून, शेवटी पूर्ण. पूर्ण जोर काढताना हातांवर शरीराच्या वजनाचा जवळपास दोन तृतीयांश भाग येतो, गुडघे टेकले की साधारण निम्मा, भिंतीला त्याहून खूप कमी. एकही डंबेल न विकत घेता तुमच्याकडे पाच पायऱ्या तयार झाल्या. घरी जाऊन ट्रेनिंग देणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा, तुमचं भांडवल वाचलं.

कुठल्याही व्यायामाला विचारायचे चार प्रश्न

१) टेकू कुठला? म्हणजे कुठला सांधा हलतोय आणि कुठला हलायला नको?

२) भार त्या सांध्यापासून किती लांब आहे?

३) ओढतोय कोण? गिऱ्हाइकाला त्याच जागी ताण जाणवतोय का, विचारा.

४) या माणसाचं रोजचं काम काय?

चौथा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. शिलाई मशीनवर बसणाऱ्या ताई दिवसभर पुढे झुकलेल्या असतात. रिक्षावाले काका बारा तास खुबा वाकवून बसतात. हमालाला आणखी वजन नको, त्याला नीट उचलणं आणि विश्रांती हवी. माझ्या ट्रेनरने पहिल्या दिवशी माझं वजन केलं, फोटो काढला, पण "दुकानात काय उचलता?" हे विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी बार समोर आलाच नसता.

आपली हद्द

हे सगळं शिकलात म्हणून निदान करू नका. "मणक्यात गॅप आलाय", "गादी सरकलीय", "नस दबलीय" ही वाक्यं ट्रेनरने बोलायची नाहीत. आपल्याला आत दिसत नाही.

दुखणं पायात खाली उतरतंय, मुंग्या येतात, पाय बधिर होतो, सांधा सुजलाय, रात्री झोपेतही दुखतंय, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे पाठवा. छातीत दुखणं, चक्कर, किंवा कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, यात एक मिनिटही घालवायचं नाही, लगेच हॉस्पिटल. बीपी, शुगर, हृदयाचा त्रास, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा बाळंतपण असेल तर आधी डॉक्टरांची परवानगी, तीही लेखी. पहिल्या दिवशी हे सगळे प्रश्न एका कागदावर विचारून सही घ्या. चांगल्या संस्थेचा कोर्स करा, प्रथमोपचार शिका. गिऱ्हाईक डॉक्टरकडे पाठवलं तर ते तुटेल असं वाटतं ना? उलट होतं. बरं झालं की ते तुमच्याकडेच परत येतं आणि चार जणांना सांगतं.

आता फी

समजा तुम्ही महिन्याला ३,००० रुपये घेता. महिन्याभरात सोडून गेलेला माणूस तुम्हाला ३,००० देतो. वर्षभर टिकलेला ३६,००० देतो, आणि त्याला शोधायला जाहिरात एकदाच करावी लागते. माणूस टिकतो कशावर? त्याला दुखापत झाली नाही आणि रोजच्या कामात फरक पडला यावर. जिना चढताना दम लागत नाही, नातवाला उचलता येतं, संध्याकाळी दुकान बंद करताना कंबर धरावी लागत नाही. फी किती ठेवायची ते या ज्ञानावर ठरतं. आधी ५ माणसं वर्षभर टिकवून दाखवा, मग आकडा वाढवायला मला विचारावं लागणार नाही.

गृहपाठ

या आठवड्यात तीन गोष्टी करा. एक, तुम्ही शिकवता ते पाच व्यायाम वहीत लिहा आणि प्रत्येकापुढे वरच्या चार प्रश्नांची उत्तरं. दोन, घरातल्या तीन वेगवेगळ्या वयाच्या माणसांना दांडा पाठीला लावून वाकायला सांगा आणि कुठे सुटतो ते बघा. तीन, मोजपट्टी घेऊन स्वतःच्या कोपरापासून तळहातापर्यंतचं अंतर मोजा आणि डंबेलचा हिशोब स्वतः करा. हिशोब स्वतः केला की विसरत नाही.

जाता जाता. मध्यंतरी तो ट्रेनर मुलगा दुकानात आला होता. स्वतःची छोटी जागा घेतलीय, बॅग टांगायला साखळी आणि हुक हवे होते. "दादा, कंबर कशी आहे?" त्याने आपणहून विचारलं. मी गल्ल्याजवळची एक बिजागरी त्याच्या हातात दिली आणि हे सगळं सांगितलं. अर्धा तास उभा होता. शेवटी म्हणाला, "मला हे कुणी सांगितलंच नव्हतं दादा. बार वीतभर पुढे होता तेव्हा, बरोबर ना?" आठवत होतं त्याला.

साखळीचं बिल केलं आणि मागच्या बाजूला त्याने चार प्रश्न लिहून घेतले. पुट्टीच्या गोण्या आता मी जमिनीवर ठेवत नाही, कमरेच्या उंचीचा लोखंडी रॅक केलाय आणि दोन चाकांची ट्रॉली घेतलीय. आणि पुढच्या महिन्यात बायको त्याच्याकडे ट्रेनिंग लावतेय.

भेटू पुढच्या धड्यात.